युनि-वाइबची धडधड लॅपटॉपवर कशी आणायची? फेजर लावून नुसतं विमान उडतंय

कृष्णाकाठ (सांगली)
मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. जुन्या युनि-वाइब या गिटार पेडलचा आवाज हवाय. १९६९ साली वुडस्टॉक महोत्सवात जिमी हेंड्रिक्सच्या गिटारवर ऐकू येतो तो, पाण्याखालून धडधडत आल्यासारखा. साहित्य: सिंगल कॉइलची गिटार, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर. मूळ पेडल परवडणारं नाही आणि मिळणारंही नाही.
चार स्टेजचा फेजर (चार पायऱ्यांत सुराची फेज फिरवून तो मूळ सुरात मिसळणारा इफेक्ट) लावला, वेग १.२ हर्ट्झ, मिक्स ५०. पण 'स्वूऽऽश' असं विमान गेल्यासारखं होतं. युनि-वाइबसुद्धा चार स्टेजचाच फेजर ना? मग फरक कुठे पडतो? की हे डिजिटलमध्ये होतच नाही?

भडंग_भक्त
गिटार कृष्णेत बुडवून वाजवा. पाण्याखालचा आवाज फुकटात.

घाटमाथा
शेवटच्या ओळीचं उत्तर: होत नाही. त्यात खरा बल्ब आहे, त्याच्या भोवती चार एल. डी. आर. (उजेड वाढला की रेझिस्टन्स कमी होणारे घटक) आहेत. बल्ब गरम होतो, थंड होतो. लॅपटॉपमध्ये काय तापणार, पंखा?

रोधक_४७ (सातारा)
घाटमाथा, बल्बचं बरोबर आहे, निष्कर्ष चूक. पण आधी कृष्णाकाठांचा प्रश्न घेऊ, कारण त्याचं उत्तर बल्बच्याही आधी कपॅसिटरमध्ये आहे.

युनि-वाइब जपानच्या शिन-एई कंपनीचं, सर्किट फुमिओ मिएदा यांचं, साठच्या दशकाच्या शेवटचं. तुमच्या प्लगइनमधला फेजर बहुतेक १९७४ च्या फेज ९० पेडलच्या वळणाचा असणार. तिथे चारही स्टेजना एकाच किमतीचा कपॅसिटर आणि बल्बऐवजी जुळवून घेतलेले जेफेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर). युनि-वाइबमध्ये चार स्टेजचे कपॅसिटर चार तऱ्हेचे: १५ नॅनोफॅरड, २२० नॅनोफॅरड, ४७० पिकोफॅरड, ४.७ नॅनोफॅरड. सर्वांत मोठा सर्वांत लहानाच्या ४६८ पट! कागदावर बघणाऱ्याला छपाईची चूक वाटावी.

एल. डी. आर. १० किलोओहमवर असताना स्टेजच्या वारंवारता अशा येतात: २२० नॅनोला ७२ हर्ट्झ, १५ नॅनोला १०६१, ४.७ नॅनोला ३३८६ आणि ४७० पिकोला जवळपास ३३.९ किलोहर्ट्झ. रेझिस्टन्स दसपट झाला की सगळ्या एक दशांश.

आता नॉच, म्हणजे आवाजातले खड्डे, कुठे पडतात ते बघा. मूळ सूर आणि फिरवलेला सूर मिसळल्यावर एकूण फेज १८० किंवा ५४० अंश झाली की तिथे आवाज मरतो. चार सारख्या स्टेज असतील तर दोन नॉच मधल्या वारंवारतेच्या ०.४१४ आणि २.४१४ पटीवर, म्हणजे एकमेकांपासून ५.८ पट अंतरावर. गिटारच्या पट्ट्यात दोन्ही एकत्र वर-खाली सरकतात, तेच तुमचं विमान. युनि-वाइबच्या किमती घातल्या तर १० किलोओहमला एक नॉच २३७ हर्ट्झवर आणि दुसरा थेट १२.५ किलोहर्ट्झवर. अंतर ५३ पट.

यवतेश्वर (सातारा)
रोधकच्या आकड्यांतलं गुपित पुढे सांगतो. गिटारचा सर्वांत खालचा सूर ८२ हर्ट्झ, आणि गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या पुढे फारसं काही देत नाही. ही खिडकी धरून बघा:

एल. डी. आर. १० किलोओहम (बल्ब प्रखर): खालचा नॉच २३७ हर्ट्झवर, ऐकू येतो. वरचा १२.५ किलोहर्ट्झवर, स्पीकरमधून येतच नाही.
एल. डी. आर. १०० किलोओहम (बल्ब मंद): खालचा २४ हर्ट्झवर गेला, खिडकीबाहेर. वरचा १.२५ किलोहर्ट्झवर आला, ऐकू येतो.

म्हणजे २५ ते २९ किलोओहमच्या आसपास हातबदल होतो. खालचा नॉच बाहेर जातो तेव्हा वरचा आत येतो. कानाला दोन नॉचचा प्रवास ऐकूच येत नाही. एकदा खालची बाजू पोकळ, एकदा वरची बाजू पोकळ, आळीपाळीने. विमान नाही, धडधड. कापणाऱ्या करवतीपेक्षा पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यासारखं म्हणा.

कृष्णाकाठ
आता डोक्यात प्रकाश पडला. मग एवढं करून पुरेल? चार स्टेज, चार वेगळ्या वारंवारता, साधी सायन लहर?

घाटमाथा
नाही पुरणार. बल्ब, बल्ब!

यवतेश्वर
इथे मात्र घाटमाथांना मान द्यावा लागेल. निम्मा आवाज कपॅसिटरचा, निम्मा बल्बचा. पण बल्बचं वागणं चार ओळींत लिहिता येतं. रीपरमध्ये जे. एस. एफ. एक्स. (रीपरची स्वतःचे इफेक्ट लिहायची भाषा) लिहिता येत असेल तर क्रम असा ठेवा:

लहर: सायन, ० ते १ मध्ये बसवलेली.
बल्बचं व्होल्टेज: ०.३५ + ०.५ × लहर. पहिला आकडा बायस, दुसरा इंटेन्सिटी. बल्ब कधीच पूर्ण विझत नाही, हे महत्त्वाचं.
प्रकाश: व्होल्टेजचा ३.४ वा घात. टंगस्टन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण याच घाताने वाढतो, म्हणून साधी सायन लहर आत घातली तरी बाहेर टोकदार उसळी आणि खाली लांब मंद पट्टा येतो.
आळस: फिलामेंटसाठी २५ मिलिसेकंदांचा एक-ध्रुवी फिल्टर. त्यानंतर एल. डी. आर.चा दुसरा फिल्टर, उजेड वाढताना १५ मिलिसेकंद, कमी होताना ७०. एल. डी. आर. उजेडाला पटकन जागा होतो, अंधाराला सावकाश.
रेझिस्टन्स: ८ किलोओहम × प्रकाशाचा उणे ०.७ वा घात.

आळस न धरता आकडे घालून बघितले तर रेझिस्टन्स सुमारे १२ ते ९७ किलोओहम फिरतो, म्हणजे वर म्हटलेला हातबदल बरोबर मधे येतो. हे आकडे सुरुवातीचे. कानाने ५ ते १० टक्के हलवा.

रोधक_४७
उणे ०.७ ठीक. बाजारातल्या एल. डी. आर.चा हा घात साधारण ०.६ ते ०.८ मध्ये असतो. ०.६ ठेवलात तर फेरा आखडतो, ०.८ ला भडक.

नवी_तार
यवतेश्वर दादा, स्टेजचं गणित पण द्या की. ऑलपास म्हणजे नक्की काय लिहायचं?

यवतेश्वर
ऑलपास म्हणजे पातळी तशीच ठेवून फक्त फेज फिरवणारा फिल्टर. प्रत्येक स्टेज म्हणजे असा एक:
ट = टॅन(पाय × स्टेजची वारंवारता ÷ सॅम्पल रेट)
क = (ट − १) ÷ (ट + १)
आउटपुट = क × आताचा इनपुट + मागचा इनपुट − क × मागचा आउटपुट

अशा चार स्टेज एकामागोमाग. वारंवारतेसाठी चार वेगळी गणितं नकोत: २२० नॅनोची काढा, बाकीच्या तिच्या १४.७ पट, ४६.८ पट आणि ४६८ पट. शेवटी ०.५ × मूळ + ०.५ × फिरवलेला. हा झाला कोरस मोड. व्हायब्रेटोला फक्त फिरवलेला, मूळ शून्य.

नवी_तार
लिहिलं. पहिले दोन सेकंद झकास, मग एकदम कानठळ्या बसतील असा आवाज आणि मीटर लाल! इंटेन्सिटी वाढवली की हमखास होतंय.

भडंग_भक्त
गणपतीचा डीजे मोड चुकून सापडला तुम्हाला.

यवतेश्वर
चूक माझीच, सांगायचं राहिलं. बल्ब प्रखर झाला की ४७० पिकोची स्टेज ३३.९ किलोहर्ट्झवर जाते. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ असेल तर मर्यादा त्याच्या निम्मी, २४. त्या पलीकडे टॅन उणे होतो, ट येतो उणे १.३३ आणि क येतो ७ च्या वर. क चा आकार १ च्या आत नसेल तर फिल्टर स्वतःलाच खाऊ घालत सुटतो. उपाय: प्रत्येक स्टेजची वारंवारता सॅम्पल रेटच्या ०.४५ पटीच्या वर जाऊ देऊ नका. ४८ ला २१.६ किलोहर्ट्झ. कानाला फरक कळत नाही, कारण ती स्टेज तेव्हा गिटारच्या पट्ट्यात काहीच करत नसते.
आणि प्रयोग करताना शेवटी लिमिटर ठेवा, हेडफोन कानावर नको. गंमत नाही ही.

नवी_तार
बांधली मर्यादा. शांत झालं. लै भारी वाजतंय! फक्त खर्ज गायब आहे, टिनपाटासारखं पातळ येतंय.

रोधक_४७
चारपैकी एका स्टेजचं चिन्ह उलटं पडलंय बहुतेक. चारही सारख्या असतील तर खालच्या वारंवारतांना फिरवलेला सूर मूळ सुराशी जुळतो आणि खर्ज टिकतो. एक उलटी झाली की खर्ज एकमेकाला मारतो, आणि जिथे नॉच हवा तिथे उंचवटा येतो. फिरवलेल्या सुराला उणे एकने गुणून बघा. खर्ज परत आला तर निदान पक्कं, मग चूक शोधा.

नवी_तार
तिसऱ्या स्टेजला अधिकच्या जागी उणे होतं. सापडलं.

साउंडवाला_दादा (सांगली)
कोड न लिहिणाऱ्यांचं काय? निम्म्या वाचकांनी यवतेश्वरांच्या घातांकापाशीच धागा सोडला असेल.

बॉसच्या मल्टी-इफेक्टमध्ये 'युनि-व्ही' नावाने असतो, लिनक्सवाल्यांना राकाररॅकमध्ये 'वाइब' फुकट आहे. दोन्ही चालतात. पण लोक एक चूक हमखास करतात: इंटेन्सिटी म्हणजे मिक्स समजतात. मूळ पेडलवर इंटेन्सिटी म्हणजे बल्बला लहर किती जोरात द्यायची ते. मिक्स तिथे ठरलेलाच असतो, निम्मा-निम्मा. तेव्हा मिक्स ५० वर ठेवून हात लावू नका, डेप्थ फिरवा. आणि फीडबॅक किंवा रेझोनन्सचा बटण शून्यावर. युनि-वाइबमध्ये फीडबॅक नाहीच. तो वाढवला की शिट्टी येते, तिला 'व्हिंटेज' म्हणू नये.

कृष्णाकाठ
कोड टाळून रीपरमध्येच दोन फेजर जोडून होईल का?

साउंडवाला_दादा
जवळपास. दोन-दोन स्टेजचे दोन फेजर एकामागोमाग, दोन्ही पूर्ण वेट (फक्त फिरवलेला सूर), पहिल्याचा मध्य खाली, दुसऱ्याचा खूप वर. आणि मूळ सूर वेगळ्या ट्रॅकवरून समान पातळीला. पण तीन अडचणी.
पहिली, दोन्ही फेजरच्या लहरी आपापल्या चालीने चालतात आणि मिनिटभरात फाटतात. म्हणून दोघांचा आतला वेग शून्य करून मध्य-वारंवारता पॅरामीटर मॉड्युलेशनने एकाच ठिकाणाहून हलवा.
दुसरी, काही प्लगइनमध्ये १०० टक्के वेट म्हणजे आधीच मूळ सूर मिसळलेला असतो. व्हाइट नॉइज सोडून स्पेक्ट्रममध्ये बघा: पूर्ण वेटला रेष सपाट दिसली पाहिजे. खड्डे दिसले तर तो प्लगइन इथे कामाचा नाही.
तिसरी, साध्या लहरीत बल्बचा आळस नाही. त्यावर युक्ती: मॉड्युलेशनला लहरीऐवजी ऑडिओ सिग्नल द्या. साइडचेनवर ट्रेमोलो लावलेला एखादा सूर सोडा, तो ऐकू जाऊ देऊ नका, आणि अटॅक २० मिलिसेकंद, रिलीज ८० ठेवा. बल्बचा ओबडधोबड भाऊ तयार.

घाटमाथा
एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा कोणी ओरिजिनल पेडलचा इम्पल्स रिस्पॉन्स का घेत नाही? कॅबिनेटचे मिळतात तसे. किंवा हल्ली ते न्यूरल कॅप्चर निघालेत, उपकरणाचा आवाज शिकून नक्कल करणारे.

यवतेश्वर
इम्पल्स रिस्पॉन्स हा एका क्षणाचा फोटो. युनि-वाइब प्रत्येक क्षणाला बदलतो, फोटोत बल्ब थांबलेला दिसेल. न्यूरल कॅप्चरचंही तेच: ॲम्प आणि डिस्टॉर्शन उत्तम पकडतात, स्वतःच्या लहरीवर हलणारं मॉड्युलेशन नाही.

मिरजेची_तार (मिरज)
वाचतेय मघापासून. हे सगळं जवारीसारखंच नाही का? सतारीच्या घोडीवर तार घासून जाते आणि एकेक स्वरांश पुढे येत राहतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण मानांकनाआधीपासून इथे हे हाताने घासूनच करतात, बल्ब न लावता!

भडंग_भक्त
ताई, मानांकन भडंगाला पण द्या म्हणावं. त्यातही स्वरांश असतात.

यवतेश्वर
ताई, तुलना आवडली, पण एक फरक. जवारीत ठळक होणारा भाग तारेच्या आंदोलनाच्या आकारावर सरकतो: तार जोरात असताना वेगळा, विरत जाताना वेगळा. प्रत्येक छेडीला तो नव्याने सुरू होतो. युनि-वाइबची लहर तुमच्या छेडीची वाट बघत नाही, आपली फिरत राहते. दोन्हीकडे कान एकाच गोष्टीला भुलतो म्हणा, सूर तोच आणि त्यातला उजेड हलता.

मिरजेची_तार
मग तंबोऱ्यावर वाइब लावला तर?

साउंडवाला_दादा
पंख्यासमोर बसून 'आ' लावल्यासारखं होतं. तंबोऱ्याचा नाद सलग, मधे मोकळी जागाच नाही, म्हणून चक्र उघडं पडतं. वेग ०.३ हर्ट्झ आणि डेप्थ पावभर ठेवली तर सुसह्य.

घाटमाथा
विषयावर या. ज्यांना सोल्डरिंग येतं त्यांनी हार्डवेअरच करावं, चार एल. डी. आर. आणि बल्बऐवजी एल. ई. डी. लावा, बल्ब जळायची भीती नाही.

रोधक_४७
अहो, मघाशी 'बल्ब, बल्ब' करत होता आणि आता एल. ई. डी.? एल. ई. डी.ला फिलामेंट नाही, म्हणजे अर्धा आळस गेला. उजेड करंटच्या साधारण सरळ प्रमाणात, म्हणजे तो ३.४ चा घातही गेला. उरतो फक्त एल. डी. आर.चा आळस. लहरीला आधी आकार दिलात तर चालेल, नुसती बदलाबदली नको.

खरा बल्ब लावणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. एक, चारही एल. डी. आर. बल्बभोवती सारख्या अंतरावर आणि वर आतून चकचकीत पत्र्याचं झाकण. झाकण उघडं ठेवून तपासलं तर ट्यूबलाइटच्या उजेडाने एल. डी. आर. आधीच खाली बसलेले असतात आणि फेरा दिसतच नाही. मग लोक सगळं सर्किट उचकतात. दोन, बल्बचा करंट त्याच सप्लायमधून ऑडिओत शिरतो आणि लहरीच्या तालावर टक-टक ऐकू येते. ऑडिओ भागाच्या सप्लायला १०० ओहम आणि ४७० मायक्रोफॅरडचा फिल्टर लावा. तीन, बायसचा ट्रिमपॉट. मंद टोकाला बल्ब पूर्ण विझत असेल तर धडधडीच्या मधे मेलेली जागा येते. तांबूस निखारा शिल्लक राहील इतपत आणा.

कृष्णाकाठ
यवतेश्वरांच्या आकड्यांवर कोड चालू झाला. १.२ हर्ट्झला अगदी हवं ते. पण दोन शंका. वेग ६ हर्ट्झ केला की परिणाम उथळ होतो, कोडमध्ये चूक आहे का? आणि हे साखळीत नेमकं कुठे ठेवायचं? फझ हे डिस्टॉर्शन पेडलही वापरायचं आहे.

यवतेश्वर
चूक नाही. ६ हर्ट्झला एक फेरा १६७ मिलिसेकंदांचा. एल. डी. आर.ला अंधारात जायला ७० लागतात, तो अर्ध्या वाटेतच परत बोलावला जातो. मूळ पेडलही वेगात असंच उथळ होतं, म्हणून जलद वेगाला ते फिरत्या लेस्ली स्पीकरच्या जवळ जातं. हे 'दुरुस्त' करू नका. फार वाटलं तर जलद वेगाला बायस ०.३५ वरून ०.३ करा.
वेग बदलताना मात्र उडी नको. दीड-दोन सेकंदांत सरकवा.

साउंडवाला_दादा
जागा: वाह पेडल, मग फझ, मग वाइब, मग ॲम्प सिम्युलेशन, मग कॅबिनेट, सर्वांत शेवटी डिले आणि रिव्हर्ब. फझनंतर वाइबला भरपूर स्वरांश मिळतात, नॉच ठळक पडतात. उलटं केलं, वाइब आधी आणि फझ नंतर, तर फझ पातळी सपाट करतो. धडधड कमी, घशातून आल्यासारखा आवाज जास्त. तेही वाईट नाही, पण तुम्ही म्हणताय ते नाही.

मोनोच ठेवा. प्लगइनच्या स्टिरिओ बटणाने डाव्या-उजव्या लहरी उलट्या फिरतात. हेडफोनवर मस्त, पण सभागृहातलं साउंड बहुधा मोनोत जोडलेलं असतं, तिथे दोन्ही एकमेकांना खोडतात आणि सगळा परिणाम चोथा.

नॉइज गेट फझच्याही आधी. वाइबच्या नंतर ठेवला तर प्रत्येक धडधडीच्या तळाला गेट फडफडतो. सिंगल कॉइलचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट वाइबमधून गेला की तोही हलायला लागतो आणि जास्तच खुपतो. मंगल कार्यालयातल्या सॉकेटला अर्थिंग असेलच असं नाही. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर बघा. गुणगुण गेली तर डी. आय. बॉक्सचा ग्राउंड लिफ्ट (साउंडच्या केबलमधला ग्राउंड तोडणारा स्विच) वापरा. प्लगची अर्थची पिन तोडायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

इंटरफेसचा बफर १२८ सॅम्पल ठेवलात तर ४८ ला प्रत्येक दिशेला २.७ मिलिसेकंद, वर कन्व्हर्टरचा वेळ. वाजवताना खटकणार नाही. कार्यक्रमाच्या दिवशी ६४ चा हट्ट करून मधे कटकट आवाज आणू नका.

घाटमाथा
बरं, ऐकलं. नवी_तार यांनी टाकलेली क्लिप ऐकली. वाईट नाही. पण मूळ पेडलमध्ये एक मळकटपणा आहे तो नाही यात.

रोधक_४७
रास्त. मूळ स्टेज ऑप-अँपच्या नाहीत. त्या ट्रान्झिस्टरच्या, कलेक्टर आणि इमिटरवरून दोन उलट सूर काढलेले. त्यामुळे त्या शंभर टक्के ऑलपास नसतात, प्रत्येक स्टेज पातळीही थोडी हलवते. त्याआधी ट्रान्झिस्टरचा प्रीॲम्प, तो जोरात छेडलं की किंचित चिरडतो. डिजिटलमध्ये: वाइबच्या आधी अगदी सौम्य, असमान सॅच्युरेशन, आणि प्रत्येक स्टेजनंतर ०.९७ ने गुणा. फिरवलेला सूर मूळ सुरापेक्षा जरा दबला की नॉच तळापर्यंत जात नाहीत. तोच तुमचा मळकटपणा.

घाटमाथा
०.९७ ने मळ चढतो?

रोधक_४७
चार वेळा गुणा. ०.८८५ होतं. लावून ऐका, मग भांडू.

घाटमाथा
ऐकलं. भांडण रद्द.

भडंग_भक्त
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. घाटमाथा गप्प झाल्याची तारीख गॅझेटमध्ये छापा.

कृष्णाकाठ
सगळं बसलं. व्हायब्रेटो मोडही जमला. आधी मूळ सूर शून्य केलाच नव्हता, म्हणून दोन्ही मोड सारखेच वाजत होते. एकच राहिलं: इंटरफेस ४४.१ वर असेल तर मर्यादा किती ठेवायची?

यवतेश्वर
१९.८ किलोहर्ट्झ. पण कोडमध्ये आकडा लिहू नका, ०.४५ × सॅम्पल रेट असंच लिहा. नाहीतर कोणीतरी २१.६ तसाच ठेवून रेट ३२ ला चालवेल आणि नवी_तारचे कान पुन्हा जातील.

नवी_तार
लिमिटर लावलाय दादा. आता काढत नाही.